विनाईल चिकटवायला प्रेस घेताय? डिग्रीच्या आधी दाब बघा

अंबाजोगाईच्या एका ताईंनी विचारलंय. भावानं कटिंग मशीन घेऊन दिलं, घरी बसून लहान लेकरांचे टी-शर्ट अन् कापडी पिशव्या करायलेत, पण घरच्या इस्त्रीनं चिकटवलेलं विनाईल, म्हणजे डिझाईन कापून कपड्यावर चिकटवायचं ते रंगीत प्लास्टिक, दोन-तीन धुण्यात कोपऱ्याला सुटायलंय. बजेट 12 हजाराचं आहे, घर जुनं अन् खोली लहान आहे, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. तर हातात धरायचा छोटा हीट प्रेस, म्हणजे गरम प्लेटनं दाबायचं यंत्र, घ्यावा, का 38 बाय 38 सेंटीमीटरचं मोठं मशीन, का ते चहाचा मग, टोपी, ताटली सगळं करणारं आठ-इन-वन, असं त्यांचं विचारणं आहे.

ताई, मी परभणीत घरूनच हे काम करते, दहा वर्षं होत आली. इस्त्रीपासूनच सुरुवात केली होती, मग एक जुनं मशीन घेऊन पैसे घालवले, मग नवं घेतलं, आता दोन आहेत. त्यामुळं तुमच्या जागी मी बसलेली आहे असं समजून सांगते, जरा लांबण लागंल पण पूर्ण वाचा.

पहिलं म्हणजे विनाईल चिकटतं कसं ते समजून घ्या, कारण सगळी निवड त्याच्यावरच आहे. आपण जे कपड्याचं विनाईल वापरतो ते बहुतेक पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचं, असतं, वर रंगाचा पातळ थर, त्याच्या खाली गोंदाचा थर, अन् रंगाच्या वर ती पारदर्शक कॅरियर शीट, जी चिकटवून झाल्यावर ओढून काढायची. गोंद थंड असताना कोरडा असतो, गरम झाला की मऊ पडतो. पण निस्ता मऊ पडून भागत नाही, तो कापडाच्या धाग्यांच्या मधी घुसला पाहिजे. घुसवायचं काम उष्णता करत नाही, दाब करतो. इथंच सगळ्यांची गफलत होते, जो तो डिग्री वाढवत बसतो, 150 ला नाही चिकटलं तर 170 करा, 170 ला नाही तर 180, अन् शेवटी कापड पिवळं पडतं पण कोपरा उचलायचा तो उचलतोच. गोंद धाग्यांच्या वर-वर बसलेला असतो, आत गेलेलाच नसतो. धुताना पाणी खालून शिरतं अन् सोडवतं.

बरोबर बसलंय का नाही ते ओळखायची एक खूण सांगते. प्रेस झाल्यावर कपडा खिडकीजवळ न्या, उजेडात तिरका धरा अन् विनाईलकडं बघा. कापडाची वीण विनाईलमधून दिसली पाहिजे, म्हणजे टी-शर्टाच्या त्या बारीक उभ्या रेघा विनाईलवर उमटलेल्या दिसायला पाहिजेत, जणू रंग कापडालाच दिलाय. विनाईल गुळगुळीत, चकचकीत, प्लास्टिक चिकटवल्यासारखं दिसलं तर दाब कमी पडला. अन् कडेनं गोंद बाहेर येऊन चिकट रेघ आली असंल तर उष्णता किंवा दाब जास्त झाला. आज तुमच्याकडं जे सुटलेले टी-शर्ट आहेत ते असे धरून बघा, मला खात्री आहे मधल्या भागात वीण दिसंल अन् कोपऱ्याला दिसणार नाही.

आता इस्त्रीचं. लोक म्हणतात इस्त्रीनं होतच नाही, ते खरं नाही. इस्त्रीचा तळ लहान असतो, साधारण 150-160 चौरस सेंटीमीटर, त्यावर तुम्ही 25 किलोचा भार दिला तर दर चौरस सेंटीमीटरला 160 ग्रॅमच्या आसपास दाब पडतो. तोच भार 23 बाय 23 च्या हातातल्या प्रेसवर दिला तर 47 ग्रॅम, अन् 30 बाय 25 वाल्यावर 33 ग्रॅम. म्हणजे हातातल्या प्रेसची प्लेट जितकी मोठी, तितका तुमच्या अंगाचा जोर पातळ होत जातो. विकणारे मोठी प्लेट म्हणून पैसे वाढवतात, पण ही गोष्ट कुणी सांगत नाही. मग इस्त्री मागं कुठं पडते, तर उष्णतेत. टोकाला वेगळी, मधी वेगळी, वाफेची असंल तर भोकांच्या जागी उष्णता पोचतच नाही, अन् आकडा तर कळतच नाही, दोन टिंबं म्हणजे साधारण 150, तीन टिंबं म्हणजे साधारण 200, मधलं सगळं अंदाजानं. त्यातनं थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो तेव्हा आकडा खालीवर होतो तो वेगळाच.

तरी नवीन काही घ्यायच्या आधी आठ दिवस इस्त्रीच नीट वापरून बघा, हे मी कळकळीनं सांगते, कारण चूक हाताची असंल तर मशीनसोबत ती पण घरात येते. इस्त्री करायच्या टेबलावर किंवा गादीवर करू नका, ते खाली दबतं अन् सगळा जोर ते खाऊन टाकतं. खाली फरशीवर लाकडी पाट ठेवा. उघड्या शहाबादी फरशीवर करू नका, फरशी थंड असते ती खालून उष्णता ओढून घेते. पाटावर जुनी सुती साडी चार-पाच घड्या करून अंथरा, टॉवेल नको, टॉवेलाचे ते उंचवटे विनाईलवर उमटतात. वाफ बंद, टाकीतलं पाणी काढून टाका. गुडघ्यावर बसा, दोन्ही हातानं अंगाचा भार द्या, 15 पर्यंत मोजा, उचला, शेजारी ठेवा. सरकवायचं नाही, कपड्याची इस्त्री करतो तसं फिरवलं की डिझाईन हलतं. दुसरा ठसा पहिल्यावर दोन बोटं चढलेला पाहिजे. शेवटी कपडा उलटा करून मागून पण तेवढाच वेळ द्या.

कपड्याचं पण बघा. पिशव्यांचं कोरं कापड घेता ना, त्याला खळ असते, खळीवर गोंद बसत नाही, तो खळीला धरतो अन् खळ पाण्यात गेली की विनाईल पण गेलं. म्हणून पिशवीचं कापड आधी धुवून वाळवून घ्यायचं, फॅब्रिक कंडिशनर न टाकता. टी-शर्ट पण प्रेस करायच्या आधी चार-पाच सेकंद नुसता दाबून घ्यायचा म्हणजे त्यातली ओल निघते, पावसाळ्यात तर हे लागतंच लागतं. अन् गिऱ्हाईकाला चिठ्ठी लिहून द्या, 24 तास धुवायचं नाही, नंतर उलटा करून धुवा, ब्रशनं घासू नका, दगडावर आपटू नका. आपल्याकडं बायका कपडे जीव लावून घासतात, त्यात बोअरचं जड पाणी, मग आपलं काम खराब होतं असं वाटतं. मी आता पिशवीतच चिठ्ठी टाकते, तेव्हापासून परत येणारे कपडे लई कमी झाले.

एवढं करून पण कोपरे सुटले, किंवा आठवड्याला आठ-दहाच्या वर कपडे व्हायला लागले, की मग मशीन. इस्त्रीनं एका टी-शर्टाला सात-आठ मिनिटं जातात अन् गुडघे दुखतात ते वेगळं.

हातातला प्रेस कुणासाठी चांगला, तर ज्यांचं काम लहान आहे. बाळाचे बंडी-झबले, रुमाल, उशीचे अभ्रे, शाळेच्या पिशवीवर नाव, टोपीच्या पुढचा लहान तुकडा, असं. क्रिकटसारख्या कंपन्यांचे येतात, तसेच बाकीचे पण येतात. इस्त्रीपेक्षा यात उष्णता सगळीकडं सारखी असते, आकडा दिसतो, टायमर वाजतो, अन् काम झालं की कपाटात ठेवून देता येतो, तुमच्यासारख्या लहान खोलीत ही मोठी सोय आहे. पण दाब तुमच्याच अंगाचा. खाली घट्ट टेबल पाहिजे, कमरेच्या खालच्या उंचीचं, म्हणजे वरून भार देता येतो. डायनिंग टेबल हलत असंल तर उपयोग नाही. अन् प्लेट 23 बाय 23 च्या वर जाऊ नका, मोठं डिझाईन असलं तर दोन ठशात करा, त्याच भारात लहान प्लेट जास्त घट्ट बसवते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कुणाचा भाऊ, पुतण्या अमेरिकेत असतो अन् तो म्हणतो मी येताना घेऊन येतो, तिकडं स्वस्त आहे. तिकडचं मशीन 120 व्होल्टचं असतं, आपली लाईट 230 ची. निस्ती पिन बदलून लावलं तर पहिल्याच दिवशी जळतं. त्याला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, दीड हजार वॅटच्या वरचा, तो जड, गरम होणारा अन् महाग. म्हणून इथलंच घ्या.

आता मोठं मशीन. यात दोन प्रकार डोक्यात ठेवा. एक जबड्यासारखं उघडतं, त्याला क्लॅमशेल म्हणतात, दुसरं वरची प्लेट उचलून बाजूला फिरते, त्याला स्विंग म्हणतात. क्लॅमशेलला जागा कमी लागते, भिंतीला लावून ठेवता येतं, किंमत कमी. पण बिजागरी मागं असल्यामुळं जाड वस्तू ठेवली की मागची बाजू आधी दबते अन् पुढची ढिली राहते. माझ्यासोबत हे झालेलं आहे. एका थंडीत जाड हुडीची ऑर्डर होती, 25 नग, छातीवर दोन ओळी. वरची ओळ पक्की बसली, खालची ओळ, जी माझ्याकडच्या बाजूला होती, ती पहिल्या धुण्यात अर्धी आली. मी तेव्हा विनाईलला दोष देत बसले, रोल बदलला, डिग्री वाढवली. नंतर कागदाची चाचणी (पुढं सांगते ती) करून बघितली तेव्हा कळलं की पुढच्या बाजूला दाबच नव्हता. सगळे 25 परत मागवून, जुनं काढून, नव्यानं केले, पंधरा दिवस त्यात गेले.

स्विंगमध्ये प्लेट सरळ वरून खाली येते म्हणून जाड कपड्यावर पण सारखी बसते, अन् कपडा मांडताना डोक्यावर गरम प्लेट नसते. पण बाजूला हात-दीड हात मोकळी जागा लागते, अन् ती गरम प्लेट फिरून जिथं थांबते तिथं लेकरू उभं राहिलं तर? माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती म्हणून मी पहिल्यांदा स्विंग घेतलं नाही, घरात लहान लेकरं असतील तर हा विचार आधी करा.

आठ-इन-वनचं विचारलंत, तर माझं मत सरळ आहे, घेऊ नका. त्यात एकच बॉडी असते अन् वरची प्लेट काढून चहाच्या मगची, टोपीची, ताटलीची जोडणी लावायची असते. दरवेळी वायरचा कनेक्टर काढा-घाला, तो सैल होतो. सैल झाला की तिथं ठिणगी, मग काळा पडणं. शिवाय एकच खांब अन् एकच दांडा सगळ्या वस्तूंसाठी असल्यामुळं त्याला हलकं डुगडुगणं येतं अन् सपाट प्लेटचा दाबच नीट राहत नाही, जो आपल्याला सगळ्यात जास्त पाहिजे. पुढं चहाचे मग छापायचे झाले तर त्याचं छोटं मशीन वेगळं येतं. अन् सबलिमेशनसाठी, म्हणजे शाई गरम करून वाफेनं कापडात उतरवायच्या छपाईसाठी, आठ-इन-वन लागतं असं दुकानदार सांगंल, पण पॉलिस्टरच्या टी-शर्टावर सबलिमेशनला 190-200 डिग्री अन् 45 ते 60 सेकंद लागतात, तेवढं साधं सपाट मशीन आरामात देतं.

साईज 38 बाय 38 पुरते. आपलं कटिंग मशीन 30 सेंटीमीटर रुंदीचं, मोठ्या माणसाच्या छातीवरचं डिझाईन 28 च्या वर सहसा जात नाही. 40 बाय 60 चं मशीन दिसायला भारी असतं पण 2000 वॅटच्या वर ओढतं अन् उचलायला दोन गडी लागतात, ते जर्सीचा धंदा मोठा करणाऱ्यांचं आहे.

लाईटचं आता, हे तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं. 38 बाय 38 चं मशीन साधारण 1400 वॅटचं असतं, काही 1800 पर्यंत जातात. 1400 ला 230 नं भागा, 6 अँपिअरच्या वर जातं. म्हणजे आपल्या घरातला तो छोटा 6 अँपिअरचा पॉइंट, ज्याला मोबाईल लावतो, तो याला चालत नाही. तो तापतो, वितळतो, जुन्या वाड्यातल्या वायरिंगला तर आग लागायचं काम. गिझर-एसीला जो मोठा 16 अँपिअरचा पॉइंट असतो तो पाहिजे, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून, वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, लावून. अन् अर्थिंग. पूर्ण लोखंडी मशीन आहे, हात सतत त्याला लागतो, अर्थिंग नसंल अन् आतलं कॉइल कुठं चिकटलं तर करंट सरळ बॉडीत येतो. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, या खर्चाला कुरकुर करू नका, तुमच्या 12 हजारातले पहिले पैसे इथं गेले पाहिजेत.

व्होल्टेजचं पण बघा. आपल्याकडं संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, कूलर, मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. 230 चं 180 झालं तर 1400 वॅटचं मशीन 850-860 वॅटचंच राहतं. म्हणजे तापायला दुप्पट नाही पण दीडपटीपेक्षा जास्त वेळ, अन् दरवेळी थंड कपडा ठेवला की प्लेट जी पाच-सात डिग्री उतरते ती परत चढायला वेळ. घाईत आपण लगेच दुसरा टी-शर्ट ठेवतो, मग तिसरा, अन् सातवा-आठवा टी-शर्ट कच्चा निघतो. गिऱ्हाईक म्हणतं एकाच लॉटमधले काही टिकले काही गेले, त्याचं कारण हे. मी मोठी ऑर्डर सकाळी करते, लाईट भक्कम असते तेव्हा, अन् संध्याकाळी करायचीच झाली तर प्रत्येक टी-शर्टाआधी आकडा परत चढलेला बघते मगच प्लेट लावते. घरचा इन्व्हर्टर हे ओढत नाही, तो नाद सोडा. मधेच लाईट गेली तर प्लेट उघडून ठेवा, कपडा काढून घ्या, अन् लाईट आल्यावर पूर्ण तापू देऊन त्याच जागी परत पूर्ण वेळ द्या, कॅरियर शीट तोवर काढायची नाही.

बिलाची भीती मात्र बाळगू नका. 1400 वॅट सलग तासभर चाललं तर 1.4 युनिट होतं, पण तापल्यावर मशीन आपोआप कट होत राहतं, त्यामुळं त्याच्यापेक्षा कमीच पडतं.

आता दुकानात गेल्यावर काय करायचं. तुम्हाला लातूर जवळ पडतं, नाहीतर संभाजीनगर, नांदेडकडचे बरेच जण हैदराबादहून आणतात. कुठूनही घ्या पण पहिलं मशीन डोळ्यानं बघून, चालू करून घ्या. सोबत कागदाच्या चार पट्ट्या, तुमच्या जवळचा विनाईलचा तुकडा, एक सुती कापड, अन् कुणाकडून मिळाली तर तापमान मोजायची ती बंदुकीसारखी इन्फ्रारेड गन न्या.

आधी मशीन थंड असतानाच कागदाची चाचणी घ्या. चारी कोपऱ्याला एकेक पट्टी अर्धी आत अर्धी बाहेर ठेवा, प्लेट बंद करा, अन् एकेक पट्टी ओढा. चारी सारख्या घट्ट पाहिजेत. एखादी अलगद निघून आली तर तो कोपरा दबत नाही, अन् दुकानदार म्हणला की दाब कमी-जास्त करायचा स्क्रू आवळला की होतंय, तर तिथंच आवळून दाखवायला लावा. स्क्रू आवळल्यावर सगळीकडचा दाब सारखाच वाढतो, वाकडी प्लेट सरळ होत नाही. मग दांडा हातात धरून आडवा हलवून बघा, खटखट करत असंल तर सोडा.

नंतर 150 वर लावा अन् तापल्यावर पण पंधरा मिनिटं थांबा, लगेच मोजू नका. मग प्लेटच्या नऊ जागा मोजा, चार कोपरे, चार कडांच्या मधी अन् एक मधली. पाच-सहा डिग्रीचा फरक चालतो, दहाच्या वर गेला तर दुसरं दाखवा म्हणायचं. गनचं एक आहे, चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी दाखवते, प्लेटला काळपट कोटिंग असंल तरच तिच्यावर भरवसा ठेवा. गन नसंल तर पांढऱ्या सुती कापडावर विनाईलचे नऊ तुकडे ठेवून एकदाच प्रेस करा अन् थंड झाल्यावर नखानं कोपरे उचलून बघा, कोणता उचलतोय ते दिसतंच.

मी पहिलं मशीन जुनं घेतलं होतं, एका विक्रेत्याकडून, साडेसात हजाराला. डिस्प्लेवर 150 दाखवायचं अन् डावा पुढचा कोपरा मोजला तर 128. प्लेटच्या आतलं कॉइल त्या बाजूला गेलेलं होतं. वर रंग मारलेला होता, दिसायला नवं. त्यानं परत घेतलं नाही. तेव्हा कोणी मला हे नऊ जागा मोजायचं सांगितलं असतं तर ते पैसे वाचले असते, म्हणून मी ज्याला त्याला सांगत असते.

प्लेटची जाडी पण बघा. जाड, वजनदार प्लेट उष्णता धरून ठेवते, पातळ प्लेट लगेच तापते पण कपडा ठेवला की लगेच उतरते. खालचा सिलिकॉन पॅड बोटानं दाबून बघा, सगळीकडं सारखा, खड्डे नकोत. अन् दुकानदाराला सरळ विचारा, पॅड, कंट्रोलर, तापमानाचा सेन्सर हे सुटे मिळतील का. या तीन गोष्टी पुढं जास्त जातात, मिळत असतील तर मशीन बरीच वर्षं चालतं.

सोबत दोन-तीन वस्तू घ्या, टेफ्लॉन शीट एक, म्हणजे उष्णता सोसणारा, न चिकटणारा कागदासारखा तुकडा, अन् एक लहान उशी, म्हणजे फोमवर टेफ्लॉन चढवलेली असते ती. बटणाचा, चेनचा, खिशाचा किंवा जाड शिवणीचा कपडा असला की ही उशी आत घालायची, डिझाईनची जागा वर येते अन् शिवण खाली दबून जाते. माझ्या त्या हुडीला ही उशी घातली असती तर पुढची ओळ सुटली नसती. उशी घरी पण करता येते, दाट फोम सुती कापडात शिवून, पण वरून टेफ्लॉन शीट ठेवायला विसरू नका. दाबानं चमक येते, विशेषतः काळ्या कपड्यावर चौकोनी ठसा उमटतो, त्यासाठी प्लेट अन् कपड्याच्या मधी बटर पेपर ठेवत जा.

आकड्यांचं म्हणाल तर साध्या पीयू विनाईलला सुती कापडावर 150-155 डिग्री अन् 10 ते 15 सेकंद, ग्लिटरला 160 अन् 15-20 सेकंद, पण शेवटी रोलवर जे लिहिलंय ते खरं. कॅरियर गरम असताना काढायची का गार झाल्यावर ते पण रोलवरच असतं, गार वालं गरम असताना ओढलं की विनाईल सोबत येतं. आलंच तर ओढत बसू नका, परत खाली टेकवा अन् परत दाबा.

पॉलिस्टरच्या जर्सीला मात्र जपून. आमच्याकडं टेनिस बॉल क्रिकेटच्या टीम, गणपतीची मंडळं, जयंतीच्या मिरवणुकीची पोरं, सगळ्यांना ड्राय-फिटच पाहिजे. एका मंडळाचे लाल टी-शर्ट होते, पांढरी अक्षरं, 160 वर केले, छान दिसले, अन् दोन दिवसांनी पांढरी अक्षरं गुलाबी झाली. पॉलिस्टरचा रंग उष्णतेनं वाफ होऊन विनाईलमध्ये चढतो. अशा कपड्याला कमी उष्णतेचं विनाईल, 130-135 च्या आसपास चिकटणारं, नाहीतर रंग अडवणारा थर असलेलं ब्लॉकआऊट विनाईल लागतं. अन् त्या न विणलेल्या कापडाच्या पिशव्या, दुकानात मिळतात त्या, त्या पॉलीप्रॉपिलीनच्या असतात, 160 ला सरळ वितळून प्लेटला चिकटतात. त्याला पण कमी उष्णतेचंच विनाईल, अन् आधी एक पिशवी खराब करायच्या तयारीनं चाचणी.

तर तुमच्यासाठी मी काय घेईन. तुमचं काम लेकरांचे टी-शर्ट अन् कापडी पिशव्या, खोली लहान, बजेट 12. महिन्याला वीस-पंचवीस नग होत असतील तर 23 बाय 23 चा हातातला प्रेस अन् एक भक्कम लाकडी टेबल, बस, त्याच्या पुढं जाऊ नका, तो पण हजार वॅटच्या वर असतो तेव्हा मोठाच पॉइंट वापरा. पण शाळेच्या, बचत गटाच्या ऑर्डरी यायला लागल्या असतील, एकावेळी तीस-चाळीस, तर साधं 38 बाय 38 चं क्लॅमशेल, ज्याची खालची प्लेट पुढं सरकून बाहेर येते असं मिळालं तर उत्तम, कपडा मांडताना हात गरम प्लेटखाली जात नाही. बजेटात बसत नसंल तर दोन महिने इस्त्री अन् पाटावर काढा, पैसे साठवा, पण आठ-इन-वन किंवा न तपासलेलं जुनं घेऊ नका.

मशीन घरी आल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाईकाचा कपडा लावू नका. एक जुना सुती टी-शर्ट घ्या, त्यावर एकाच विनाईलचे सहा चौकोन कापून लावा, तीन वेगवेगळ्या दाबावर अन् दोन वेगवेगळ्या वेळांवर, प्रत्येकाच्या शेजारी बॉलपेननं लिहून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून तो टी-शर्ट घरच्या धुण्यात टाका, रोज. पंधरा धुण्यांनंतर जो चौकोन तसाच राहतो, दाबाच्या स्क्रूची ती जागा मार्करनं मशीनवर खूण करून ठेवा. माझ्या मशीनवर ती काळी खूण अजून आहे, कापड बदललं की मी तिथून अर्धा फेरा इकडं-तिकडं करते.

वायरमनला दाखवून झालं की पॉइंट कुठं निघाला ते कळवा, मग टेबल कुठं मांडायचं ते पण सांगते.